एक किलोमीटरचा इतिहास

नांदगाव खंडेश्वर म्हटलं की बाहेरची माणसं काळ्या दगडाच्या हेमाडपंती मंदिराबद्दल विचारतात. यादवांच्या काळातलं देऊळ आहे, विचारायलाच पाहिजे. पण याच तालुक्यात पापळ नावाचं एक गाव आहे आणि मला वाटतं, आमच्या तालुक्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या गावात घडली. २७ डिसेंबर १८९८ रोजी तिथे एका शेतकऱ्याच्या घरी पंजाबराव देशमुख जन्मले. वऱ्हाडात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ते परदेशात जाऊन बॅरिस्टर झाले, वेदवाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन आले, संविधान सभेत बसले आणि १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

त्यांचं कुठलंही चरित्र उघडा, सुरुवातीला एक ओळ असतेच: प्राथमिक शिक्षण पापळ येथे झाले. पुढे चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचं हिंद हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन. आपण ती पहिली ओळ वाचून पुढे जातो, कारण खरी गोष्ट नंतर सुरू होते असं आपल्याला वाटतं. मी मात्र गेले काही महिने त्या ओळीपाशीच अडकलो आहे. वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा एका शेतकऱ्याच्या पोराला पायी जाता येईल अशी शाळा गावात होती. ती नसती तर पुढचं फर्ग्युसनही नसतं.

मी याच तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, खिचडी खाल्ली, शाळेच्या ओट्यावर गोट्या खेळलो. आमच्याकडे ‘कमी पटाच्या शाळा बंद होणार’ ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मग दोन दिवस चर्चा होते, कुणीतरी निवेदन देतं आणि पुन्हा शांतता. दर वेळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: पट किती? म्हणून मी उलटीकडून शोध घ्यायचा ठरवला. शाळा मुळात गावात आली कशी? ती आणताना लोकांनी काय मोजलं होतं?

पैसे नाहीत, हे जुनंच उत्तर

१८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. म्हणून बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते फार जहालही नव्हतं, टप्प्याटप्प्यानं सक्ती आणा इतकंच म्हणत होतं. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात सरकारी सभासद होते, संस्थानिक आणि जमीनदारही होते. खर्च झेपणार नाही, लोकांची तयारी नाही, अशी तेव्हाची कारणं. आजच्या चर्चेत ती ऐकली तर ओळखीची वाटतील.

झेपतं हे दाखवणारेही त्याच काळात होते. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरुवात करून १९०६ पर्यंत सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण नेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड करायचा तर शाळा जवळ पाहिजे, नाहीतर बाप म्हणणार, धाडू कुठे? सक्ती पालकावर येण्याआधी ती राज्यावर येते.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केलं. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. बाकीची ब्याऐंशी मुलं कुठे जातात, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासोबत आहे.

आणि मग १९२८. परदेशातून परतलेले पंजाबराव अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यासाठी कर वाढवला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. कर वाढवणं कोणत्याही काळात लोकप्रिय नसतं. पण पापळच्या शाळेतून निघालेल्या माणसाकडे सत्ता आली तेव्हा त्यानं पैशाचं रडगाणं गायलं नाही, पैसा उभा केला. १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून बाहेर पडला.

त्याच मातीत गाडगेबाबा फिरत होते. शेंडगावात जन्मलेला हा माणूस कीर्तनात सांगायचा की जेवणाचं ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शिकवा. ताट विकायला लोक तयार झाले. त्यांचं पोर पायी पोचेल इतक्या अंतरावर शाळा ठेवणं हे राज्याचं काम होतं.

अंतर कुणी मोजलं?

माझी आजी शाळेत गेली नाही. तिच्या माहेरच्या गावात तेव्हा शाळाच नव्हती, शेजारच्या गावात होती. मी कारण विचारलं तर ती हसून म्हणायची, “पोरीले कोन धाडते दोन कोस? वावर जवळ व्हतं, मंग वावरात गेली.” एवढंच. घरात शिक्षणाला विरोध नव्हता, तिचे भाऊ थोडंफार शिकले. पोरगी आणि शाळा यांच्यात दोन कोस होते, म्हणजे सहा-सात किलोमीटर, आणि मध्ये पावसाळ्यात भरणारा नाला. शिक्षणाच्या इतिहासात अंतर सगळ्यांना सारखं लागत नाही. आधी मुलीला लागतं, मग मजुराच्या पोराला, मग ज्याच्या पायात काही अधू आहे त्याला.

संविधानाच्या ४५ व्या कलमानं दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं ठरवलं होतं. ही मुदत १९६० मध्ये संपली, काम संपलं नाही. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आपण ज्याला ‘झेडपीची शाळा’ म्हणतो ती तेव्हापासूनची. पुढची चाळीस वर्षं दिशा एकच होती: शाळा गावाकडे, गावातून तांड्याकडे, तांड्यातून पाड्याकडे.

या प्रवासाचं शेवटचं टोक म्हणजे २००० च्या सुमाराची वस्तीशाळा योजना. जिथे जवळपास शाळा नाही अशा वस्तीवर मिळेल त्या जागेत, कधी देवळात, कधी कुणाच्या पडवीत, कधी झाडाखाली शाळा सुरू झाली. शिकवायला निमशिक्षक, मानधन महिन्याला १००० रुपये. या लोकांनी वर्षानुवर्षं त्या पैशात काम केलं, मोर्चे काढले आणि २०१४ मध्ये कुठे त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं. शाळा पोरापर्यंत नेण्याची किंमत अशी कुणीतरी भरली आहे.

२००२ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण मूलभूत हक्क झालं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०११ मध्ये महाराष्ट्राचे नियम आले. त्या नियमांत अंतर आकड्यात लिहिलं आहे: पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. मला हा एक किलोमीटर फार महत्त्वाचा वाटतो. फुल्यांच्या निवेदनानंतर जवळजवळ १३० वर्षांनी, सहा वर्षांचं लेकरू किती चालू शकतं हे राज्यानं कायद्याच्या भाषेत कबूल केलं.

याच कायद्यात आणखी एक आकडा आहे. साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. पाच मुलं असोत की पंचावन्न, शिक्षक दोन. किमान किती पट असला तर शाळा ठेवायची, असा आकडा मात्र कायद्यात नाही.

मग पट आला

पट हा आपल्याकडचा जुना शब्द. हजेरीपट, पटावरचं नाव. गुरुजी सकाळी पट घ्यायचे. हाच शब्द गेल्या पंधरा वर्षांत शाळेच्या जिवावर उठला.

सुरुवात एका खऱ्या रोगापासून झाली. अनेक संस्था अनुदानासाठी पटावर खोटी नावं लावत होत्या. नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी असताना श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ती तीन दिवसांत राज्यभर झाली. एकाच मुलाला दोन शाळांत मोजू नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. लाखो नावं बोगस निघाली. ही तपासणी गरजेची होती, त्यात वाद नाही. पण त्यानंतर शाळेची किंमत पटावरून ठरवायची सवय लागली आणि खोटा पट लावणाऱ्यांसाठी आलेली मोजपट्टी खऱ्या पण छोट्या शाळांवर फिरू लागली.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत पाठवायचा निर्णय जाहीर केला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. तेव्हा समोर आलेला आकडा होता १४,७८३ शाळा, सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार करून पाहा. शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. म्हणजे कायदा सांगतो तेवढेच. मग २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तांच्या पत्रातून ‘समूह शाळा’ आल्या. पानशेत आणि तोरणमाळचे नमुने समोर ठेवून, आजूबाजूच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत आणायचे प्रस्ताव मागवले गेले. मुलांना न्यायला गाडी. ‘बंद’ हा शब्द या कागदांत सहसा येत नाही. ‘समायोजन’ येतो, ‘एकत्रीकरण’ येतो.

सरकारची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चार वर्गांना मिळून पाच पोरं असतील तर खो-खोचा संघ होत नाही, भांडायला आणि दोस्ती करायला सोबती मिळत नाही. वाशीम जिल्ह्यातलं गणेशपूर दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव. २०२३ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत एकच विद्यार्थी आणि एकच शिक्षक होते. प्रार्थनेला दोघं उभे राहायचे आणि राष्ट्रगीत म्हणायचे. बातमी देशभर गाजली. कुणाला ती गोड वाटली, कुणाला सरकारी पैशाची उधळण. मला त्यात दोन्ही दिसत नाही. त्या पोराला सवंगडी पाहिजे होते हे खरं. आणि तो रोज शाळेत येत होता, हेही तितकंच खरं.

कायद्यानं गाडीची सोय आधीच धरली आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत लिहिलंय की ज्या छोट्या वस्तीजवळ शाळाच नाही तिथल्या मुलांना मोफत वाहतूक द्या. त्याच नियमांत असंही आहे की पूर, दरड, खराब रस्ता असेल तिथे ठरलेलं अंतर आणखी कमी करा. म्हणजे गाडी हा शाळा नसलेल्या जागेचा तात्पुरता इलाज होता. समूह शाळेत असलेली शाळा काढून तोच इलाज कायमचा केला जातो. आमच्या भागातले पांदण रस्ते ज्यानं जुलै-ऑगस्टमध्ये पाहिलेत त्याला गाडीचं काय होतं ते सांगायला नको. काळ्या मातीत बैलगाडी फसते, तिथे काळीपिवळी कोण घालणार? आणि ज्या दिवशी गाडी आली नाही, त्या दिवशी पहिलीतली पोरगी काय करेल? माझ्या आजीनं केलं तेच. वावर जवळ आहे.

चीननं हा प्रयोग आपल्या आधी केला. २००१ पासून तिथे खेड्यातल्या छोट्या शाळा मोठ्या शाळांत विलीन करायची मोहीम चालली आणि हजारो शाळा गेल्या. मुलं लांबचा प्रवास करू लागली, लहान वयात वसतिगृहात राहू लागली, गर्दीच्या गाड्यांतून जाऊ लागली. शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनंच ही घाई थांबवायला सांगितलं. अकरा वर्षांनी आपण तेच पत्र नव्यानं लिहिलं.

शेळ्या, महामार्ग आणि एक प्रश्नचिन्ह

२०२२ मध्येच नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची आदिवासी मुलं शेळ्या हाकत जिल्हा परिषदेवर गेली. भाम धरणात विस्थापित झालेलं हे गाव. शाळा बंद करायचं घाटत होतं. मुलांचं म्हणणं असं की शाळा काढून घेता ना, मग दप्तरंही घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, वळायला जातो. शाळा गेल्यावर काय होतं याचा यापेक्षा नेमका अहवाल कुठल्या समितीनं दिला असेल असं वाटत नाही. धरणासाठी गाव एकदा हललं होतं, आता शाळा हलणार होती.

आमच्या तालुक्यातही असं काही घडलंय, आणि ते पटामुळे नव्हे. मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ मध्ये पारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मानं चोर ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. पारधी पोराला गावची शाळा एक किलोमीटरवर असली तरी ती लांबच असते, कारण बाकावर शेजारी कुणी बसत नाही आणि वर्गात काही हरवलं की नजर त्याच्याकडेच वळते. म्हणून भोसल्यांनी स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी पोरं गोळा केली आणि माळावर शाळा उभी केली. लोकांनी मदत दिली, वर्ग झाले, वाचनालय झालं, पट चारशेच्या वर गेला.

मग २०१९ मध्ये समृद्धी महामार्ग आला. रस्त्याच्या आखणीत शाळेची जागा आली आणि वर्गखोल्या, वाचनालय पाडलं गेलं. शाळा त्यानंतरही चालू राहिली, पण पट भरपूर असलेली शाळा वाचतेच असं नाही, हे आमच्या तालुक्यानं पाहिलं. ७०१ किलोमीटरचा रस्ता राज्याला परवडतो. वस्तीपासून एक किलोमीटरवरची शाळा परवडते का, यावर मात्र दर दोन वर्षांनी बैठक होते.

पट वाढतो, जागा राहिली तर

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. २०२२ च्या सुमारास तिथला पट तीनवर आला होता. यादीत घालून टाकायला अगदी योग्य शाळा. वाबळेवाडीच्या शाळेमुळे गाजलेले दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले, गावानं हात लावला, पट शंभरावर गेला आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार या शाळेला मिळाला. पट तीन असताना कुलूप लागलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

पण मला या गोष्टीवर सगळा भार टाकायचा नाही. प्रत्येक गावाला वारे गुरुजी मिळणार नाहीत आणि पुरस्कार मिळाला तरच शाळा ठेवायची असाही नियम नको. साधी, दोन शिक्षकांची, वेळेवर उघडणारी शाळा हा सहा वर्षांच्या मुलाचा हक्क आहे. दोन्ही पदं भरा, गुरुजींना माहिती भरण्याच्या आणि निवडणुकीच्या कामांतून सोडवा, खेळासाठी आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शाळेची पोरं एकत्र आणा. सोबती पाहिजेत म्हणून शाळा मोडायची गरज नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आता पुण्यात, नागपुरात, हैदराबादला असाल. तरी तुमच्या गावच्या शाळेचा पट किती आणि मंजूर पदं किती, हे एका फोनवर कळतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. बहुतेक गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. शाळा हलवायचं पत्र आलं तर समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव लेखी गेला पाहिजे, आणि त्या ठरावात पटाच्या आधी अंतर लिहिलं पाहिजे. कुठल्या वस्तीपासून नवी शाळा किती किलोमीटर, मध्ये नाला कुठला, पावसाळ्यात तो किती दिवस भरलेला असतो, मुली किती. हा सगळा तपशील गावाकडेच असतो, तालुक्याच्या कचेरीतल्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नसतो.

पापळच्या शाळेत त्या वर्षी पटावर किती पोरं होती, हे आज कुणी विचारत नाही. शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती, आणि भाऊसाहेब चालत गेले.